कोहळ्याची जळजळ

आधी ढेकर, मग गुरगुर, मग वाफ, मग ज्वाळा. या क्रमाने माणूस बरा व्हायचा.

निर्मळच्या तळ्यापलीकडे केळीची एक वाडी आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे सकाळी नऊलाच दोनशे जोड चपला पडलेल्या असत. बांधावर सायकली आणि स्कूटरी एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. मधोमध चटई. चटईवर कळंबच्या पुतळाबाई उताण्या, आणि त्यांच्या पोटावर केळीच्या खोडाचा वीतभर तुकडा, उभा. आतला गाभा कोरून काढलेला, वरचं तोंड उघडं. शेजारी शीतळानंद महाराज, पांढऱ्या लुंगीत.

महाराजांनी तांब्याच्या लोट्यातलं तीर्थ पुतळाबाईंना पाजलं. बाईंनी दणदणीत ढेकर दिला. गर्दी समाधानाने हलली. मग पितळेच्या लोट्यातलं दोन पळ्या तीर्थ खोडात ओतलं. खोड गुरगुरायला लागलं.

"ऐका," महाराज म्हणाले. "पोट बोलतंय. काय म्हणतंय? सुकट म्हणतंय. ठेचा म्हणतंय."

"सुकट कालच खाल्ली," पुतळाबाई डोळे मिटून म्हणाल्या. "तुमाला कसं कललं?"

मावरं, म्हणजे मासे, विकणाऱ्या बाईने मे महिन्यात सुकट खाल्ली, हे ओळखायला अंतर्ज्ञान लागत नाही. पण दोनशे माणसांनी एकदम "आहा" म्हटलं की शेजारच्याचा मेंदूही क्षणभर "आहा" म्हणतो.

खोड तापलं. पुतळाबाईंनी पोट आत ओढलं. वरून वाफ निघाली आणि वास सुटला, उग्र, लसणीसारखा.

"हा तामसी अन्नाचा वास. आत कुजलेला लसूण बाहेर येतोय. येऊ दे, माई."

मग महाराजांनी खोड उचलून पाटावर ठेवलं, तोंडाशी पेटता कापूर नेला, आणि भप्प. खोडाच्या तोंडावर हातभर पिवळी ज्वाळा. तिच्यातून काजळीचे काळे तंतू उडाले आणि पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या सदऱ्यांवर बसले.

"ही तुझी आग. एवढी आग पोटात घेऊन तू बाजारात बसत होतीस."

लोकांनी हात जोडले. ज्वाळा विझल्यावर महाराजांनी खोड तिरपं करून दाखवलं. तळाशी पांढरा लगदा. "हे साचलेलं पित्त."

मी तिसऱ्या रांगेत होते. पुढचा नंबर आमच्या ह्यांचा होता.

*

वाडीच्या तोंडाशी लावलेला फलक, जसाच्या तसा:

उन्हाळी आगीपासून कायमची सुटका
आमरस खा, फणस खा, लोणचं खा, तळलेलं खा
पथ्य नाही, गोळी नाही, नळी नाही
फक्त सात बैठका
(चपला आपल्या जबाबदारीवर)

*

दयाराम, म्हणजे आमचे हे, वय अठ्ठावन्न. केळी, दुधी आणि थोडा मोगरा एवढी वाडी. उन्हाळा लागला की यांचं जेवण हा एक युक्तिवाद होतो. आमरस उष्ण पडतो, म्हणून वर तूप. तूप जड, म्हणून ते पचायला कैरीचं लोणचं. लोणचं झोंबतं, म्हणून त्याला धरून ठेवायला दोन पुऱ्या जास्त. पुऱ्या कोरड्या, म्हणून पुन्हा आमरस. संध्याकाळी कुणाच्या तरी हळदीला जायचं, तिथे मटण आणि ताडी. रात्री दहाला घरी येऊन, "तिथे नुसतं तोंडाला लावलं," म्हणत परत ताट. आणि पाच मिनिटांत आडवे.

मग छातीच्या मधोमध निखारा. मग उठून थंड दूध. अर्ध्या तासाने निखारा परत.

मार्चपासून हे चाललं होतं. एप्रिलमध्ये यांचा चेहरा पिवळट पडला. महाराज वाडीत आले त्याच आठवड्यात मी ओढत ज्युली डॉक्टरकडे नेलं.

"काका, रात्री जेवता किती वाजता?"

"दहा."

"झोपता?"

"दहा वाजून..."

"पाच," मी म्हणाले.

"कमरेला पट्टा दिसतोय. दुखतं का?"

"एक गोळी घेतो. सकाळी. चहाबरोबर."

"चहाबरोबर खाता काय?"

"चहा."

ज्युलीने पेन खाली ठेवलं. तिचं सांगणं मला अजून पाठ आहे, कारण मी ते फ्रीजवर चिकटवलंय. आंब्याचा काही गुन्हा नाही. दुपारी एक वाटी आमरस, दोन पुऱ्या, वर शतपावली. रात्रीचं जेवण आठच्या आत आणि हलकं. जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही. लोणचं, ठेचा, तळण, ताडी, सोडा यातलं ज्याने जळजळतं ते आपलं आपण ओळखून बाजूला ठेवायचं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. पोटातलं आम्ल वर चढतं ते घशाशी जळतं. उतार असला की ते खालीच राहतं. आणि ती कमरेची गोळी आजपासून बंद.

"पण चेहरा मला आवडत नाही," ती म्हणाली. "रक्त कमी दिसतंय. दुर्बिणीने पोट आतून बघून घेऊ. वसईला, पुढच्या गुरुवारी. तोपर्यंत डांबरासारखी काळी शी झाली, रक्ताची उलटी झाली, तर गुरुवारची वाट बघायची नाही. मला फोन."

बाहेर आल्यावर दयाराम म्हणाले, "ती म्हणते पुऱ्या सोडा. वाडीतला महाराज म्हणतो खा. आता तूच सांग, माणसाने ऐकायचं कोणाचं?"

विटा मी लावल्या. यांनी काढल्या. रात्रभर पायथ्याकडे घसरतो म्हणे. गोळी मात्र सोडली असं सांगितलं. ती सदऱ्याच्या खिशात गेली होती, एवढंच.

*

तर पुढचा नंबर आमच्या ह्यांचा होता. ते चटईवर झोपले. ढेकर झाला. खोड पोटावर आलं, तीर्थ पडलं, गुरगुर झाली.

वास आला तेव्हा मला काही कळलं नाही. मलाही वाटलं, लसूण असेल.

नाही. हे खोटं आहे. परत सांगते.

वास आला तेव्हा पहिल्या श्वासातच मला कळलं तो कशाचा. आमच्या घरामागे केळी पिकवायची खोली आहे. त्या खोलीत तो वास पंधरा वर्षं होता. कार्बाईडचा. राखाडी खडे कागदात बांधायचे आणि ती पुडी घडांच्या मधोमध ठेवायची. हवेतला ओलावा लागला की खडा तापतो, वायू सोडतो, आणि कच्ची हिरवी केळी दुसऱ्या दिवशी पिवळीधमक. चार-पाच दिवस थांबायला नको. त्याला बंदी आहे, ते खाणाऱ्यालाही बाधतं आणि ठेवणाऱ्यालाही. माझ्या बोटांना त्याने भेगा पडल्या होत्या. बाजारात कोणी विचारलं, पुडी वापरता का, तर आम्ही म्हणायचो, "आम्ही? घरची केळी आहेत, ताई."

मी मान वळवून बघितलं. आजूबाजूला निदान वीस वाडीवाले. केळी पिकवायच्या दोन खोल्यांचा मोठा व्यापारी प्रीतम टॉवेलने नाक पुसत होता. आमची नजरानजर झाली. त्याने आभाळाकडे बघितलं. मीही बघितलं. आभाळात काही नव्हतं.

महाराजांना हे ठाऊक होतं की नशीब चांगलं होतं, देव जाणे. पण ज्या गावात प्रत्येक दुसऱ्या माणसाला तो वास ओळखू येतो, तिथे त्यांनी आठ दिवस तो राजरोस सोडला. कारण "ही पुडी आहे" असं म्हणणाऱ्याला लगेच पुढचा प्रश्न येणार होता. तुला कसं ठाऊक?

ज्वाळा निघाली. दयाराम उठून बसले आणि लहान मुलासारखे हसले. मी गप्प बसले. दोन बैठका गप्प बसले.

*

मंगळवार, तिसऱ्या बैठकीची सकाळ. आमची अक्षया विरारला कामावर असते. तिचे आणि माझे मेसेज:

मम्मी पप्पा कुठे आहेत

वाडीत. महाराजांकडे

मला आत्ता पप्पांचा फोन आला होता खूप खूश होते. म्हणाले राख पडतेय

कसली राख

महाराज म्हणाले होते आग विझली की पोटातून काळी राख पडणार. परवापासून संडासला काळं होतंय म्हणे. मम्मी हे नॉर्मल आहे का

मम्मी

मम्मी उचल ना

मी उचलला नाही, कारण मी ज्युलीला लावला होता.

"काळी म्हणजे कशी, काकी? डांबरासारखी?"

"मी बघितली नाही. राखेसारखी म्हणाले. सकाळी बेसिन धरून उभे होते."

"हे पोटातलं रक्त असू शकतं. गुरुवार विसरा. आत्ता वसईला न्या, मी तिकडे कळवते. तोंडातून काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. गाडी आहे?"

गाडी म्हणजे व्हॅलेरियनची रिक्षा. व्हॅलेरियन नंदाखालचा, दयारामचा शाळेपासूनचा मित्र. गेले आठ दिवस तो भाविकांच्या फेऱ्या मारत होता.

"वहिनी, एक बोलू?" नाक्यावरून वळताना तो म्हणाला. "त्या वाडीतला वास मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या आजोबांच्या सायकलला कार्बाईडचा दिवा होता. वरून पाण्याचा थेंब, खाली खडा, पुढे ज्योत. पहाटे आगाशीला भाजी न्यायचे त्या उजेडात. दिवा अजून आहे घरी."

"मग आठ दिवस तोंड का नाही उघडलंत?"

"मी चर्चला जाणारा माणूस. तुमच्या महाराजांना बोललो असतो तर भांडण भलतंच झालं असतं." आरशात माझ्याकडे बघून तो म्हणाला, "तुम्ही का नाही बोललात?"

नंदाखालच्या या माणसाचं कारण माझ्यापेक्षा किती स्वच्छ होतं.

*

दयाराम चटईवर झोपलेच होते. ओठ पांढरे, कपाळावर घाम. महाराजांच्या हातात तांब्याचा लोटा.

"ते पाजू नका," मी म्हणाले. "अहो, उठा. दवाखान्यात जायचंय."

"चार बैठका राहिल्यात," दयाराम म्हणाले.

"माई," महाराज मधासारखे म्हणाले, "आत नळी गेली की बाहेर काढलेली आग तिच्यावाटे परत आत शिरते. वसईला काल एक गेला होता. विचार त्याच्या घरच्यांना."

"कोण गेला होता? नाव सांगा, विचारते."

"आत्म्याला नाव नसतं."

"घरच्यांना असतं की."

मागे कोणीतरी खुसकन हसलं. महाराजांच्या पाठीशी मावऱ्याचा असतो तसा थर्मोकोलचा खोका होता. त्यात तयार खोडं ओळीने उभी. मी एक उचललं.

"हात लावू नका," त्यांचा शिष्य ओरडला. "विटाळ होईल."

"माझं वय बघ, बाबा. आता कसला विटाळ."

भक्तांनी आणलेल्या नारळांच्या राशीत एक कोहळा होता, हंड्याएवढा. आपल्याकडे कोहळ्याइतकं थंड दुसरं काही मानत नाहीत. पित्त झालं की कोहळ्याचा रस, उन्हाळा लागला की कोहळ्याची वडी. मी तो ढकलत चटईवर आणला, दयारामच्या शेजारी टेकवला आणि त्याच्यावर खोड उभं केलं. व्हॅलेरियनने रिक्षातली बाटली दिली. साधं नळाचं पाणी. दोन घोट ओतले.

खोड गुरगुरायला लागलं.

"ऐका," मी म्हणाले. "कोहळा बोलतोय."

मागून पुतळाबाईंचा आवाज आला, "काय म्हनतोय? सुकट खाल्ली म्हनतोय?"

वाफ निघाली. वास सुटला. व्हॅलेरियनने खोड पाटावर ठेवलं, लांबून कापूर पुढे केला, आणि भप्प. दयारामपेक्षा कोहळ्याची आग वीतभर मोठी निघाली. तळाशी पांढरा लगदाही राहिला. म्हणजे बिचाऱ्याला पित्तसुद्धा होतं.

मला वाटलं, झालं. एवढं पुरे.

पुरलं नाही. महाराज शांतपणे हसले. "माई, कोहळा दारात का टांगतात? दृष्ट ओढून घ्यायला. सगळ्या गावाची जळजळ तो पितो. त्याच्यात आग नसेल तर कोणात असेल?"

आणि माणसं माना डोलवायला लागली. माझ्या डोळ्यांदेखत दोनशे माणसं कोहळ्याकडून परत महाराजांकडे गेली. चटईवर दयारामनेही मान डोलावली. त्यांना मान उचलता येत नव्हती, तरी.

तेव्हा मी ते बोलले.

"हा वास कार्बाईडचा आहे. मला माहीत आहे, कारण पंधरा वर्षं मी त्याने केळी पिकवलीत. बाजारात घरची म्हणून विकलीत. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी माझ्याकडून घेतलीत. खडा खोडाच्या तळाशी आहे, पाणी पडलं की तापतो, वायू सोडतो, तोच पेटतो. लगदा म्हणजे विझलेला चुना. आता ज्याला हा वास ओळखीचा नाही, त्याने हात वर करा."

वारा नव्हता. केळीचं पान हललं नाही.

तीन हात वर झाले. एक कळंबच्या कॉटेजात उतरलेल्या पाहुण्याचा. एक शिष्याचा. आणि एक महाराजांचा.

बाकीच्या दोनशे माणसांनी आपापल्या पायांकडे बघितलं. मी आयुष्यात एवढा मोठा कबुलीजबाब ऐकला नाही, आणि त्यात एक शब्द नव्हता.

"मी पुडी बंद केली," प्रीतम शेवटी म्हणाला. "गेल्या मार्चमध्ये."

"कुठल्या मार्चमध्ये?" त्याची बायको म्हणाली. "परवा तर वास माझ्या नाकात गेला."

आणि मग गर्दी हसली. आधी बायका, मग सगळे. महाराज काहीतरी म्हणत होते, पण हसणाऱ्या माणसाला ज्वाळा दाखवून उपयोग नसतो.

मी दयारामजवळ खाली बसले. "तुम्हीही त्याच खोलीत बसायचात. तुम्हाला नाही कळला वास?"

"पहिल्याच दिवशी कळला," ते हळू म्हणाले.

"मग?"

"मला वाटलं, तो माझ्यातूनच येतोय. पंधरा वर्षं लोकांना जे खायला घातलं, ते माझ्याच पोटात साठलंय. आता बाहेर पडतंय. म्हटलं, सात बैठकांत सुटका होत असेल तर होऊ दे."

मला सुचलं ते एवढंच, "ते बाहेर काढायला पोट लागत नाही. खोलीतल्या पुड्या फेकायच्या, झालं. उठा आता."

त्यांनी हात पुढे केला. एका बाजूने व्हॅलेरियन, दुसऱ्या बाजूने प्रीतम. चपला सापडल्या नाहीत. फलकावर आधीच लिहिलं होतं.

*

वसईला नळी आत गेली. आग वगैरे काही शिरली नाही. जठरात जखम सापडली, रिकाम्या पोटी खाल्लेल्या कमरेच्या गोळ्यांनी पाडलेली, आणि ती वाहत होती. त्याच नळीतून डॉक्टरांनी ती बंद केली. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. आणखी चार बैठका झाल्या असत्या तर काय, हे मी ज्युलीला विचारलं. ती म्हणाली, "काकी, ते नका विचारू."

तांब्याच्या लोट्याचं मात्र मी विचारलं. ढेकर खरा होता, बरंही खरंच वाटायचं, ते कसं? पुतळाबाईंना तीर्थ खारट लागलं होतं हे ऐकून ती हसली. खायचा सोडा. आम्लाला भेटला की वायू होतो, ढेकर येतो, अर्धा तास बरं वाटतं. त्या अर्ध्या तासात महाराजांची ज्वाळा उरकायची. जळजळ परत यायची ती घरी, आणि घरी तिला बघायला गर्दी नसते.

आम्ही तक्रार द्यायला गेलो तोवर फलक उतरला होता. मागे राहिला थर्मोकोलचा खोका आणि तळाशी राखाडी खड्यांची पिशवी. पिशवी पोलिसांनी नेली. खोका पुतळाबाईंनी मागून घेतला, तीन वेळा धुतला, आता त्यात बोंबील असतात.

आमच्या पलंगाखाली विटा आहेत. दयाराम अजून म्हणतात की ते पायथ्याकडे घसरतात. घसरू देत. आमरस एक वाटी, दुपारी. दुसरी वाटी मागितली की मी फ्रीजकडे बोट दाखवते. बाजारातल्या आमच्या हातगाडीवर आता पाटी आहे: "केळी चार दिवसांत आपोआप पिकतात. घाई असेल तर हिरवी न्या." धंदा थोडा कमी झालाय. हाताच्या भेगा भरल्यात.

उन्हाळा दरवर्षी येणार, आंबा येणार, जळजळ येणार, आणि तिच्यामागून कोणीतरी लोटा घेऊनही येणार. माझं सांगणं फार मोठं नाही. पोटात आग नसते, आम्ल असतं. ते कशाने वर चढतं ते बघा, आणि थांबत नसेल तर डॉक्टरला दाखवा. कोणी पोटावर खोड ठेवायला आलं, तर आधी ते कोहळ्यावर ठेवून दाखवायला सांगा.

आणि तुम्हाला काही वास आला, तर बोला. तुम्हाला कसा ठाऊक, असं कोणी विचारलं, तर तेही सांगा.